जांभळी झाक

"तुमाले कोणाच्या घरी न्यायची सोय नाही," असं माझी बायको सुमन म्हणते आणि ते खरं आहे. सोफ्यावर बसतो, चहाचा कप हातात घेतो आणि डोळे थेट भिंतीवर जातात. छताजवळ ब्रश कुठं उचलला, खिडकीच्या कडेला भेगा बुजवायची लांबी कुठं फुगली, दाराच्या पॉलिशमध्ये धूळ कुठं बसली, सगळं दिसत राहतं. मागच्या महिन्यात साडूच्या घरी तेरवीला गेलो होतो. लोक डोळे पुसत होते आणि मी चौकटीत चिकटलेला ब्रशचा केस नखानं काढत होतो. सुमनने माझा हात धरून खाली ओढला.

ही खोड जुनीच. पण गेल्या हिवाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून मला एका जागी बसवेनासं झालं आहे. जेवताना उठतो, दुपारी पडलो की उठतो, कारण नसताना एसटी स्टँडवर जाऊन येतो. एका ओळखीच्या मास्तरांनी सांगितलं, दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्याविषयी लिहा, मन रमेल. मन रमण्यासारखं यात काही नाही, पण सांगायचं मात्र आहे.

मी गजानन. यवतमाळात चाळीस वर्षं पेंटर आणि पॉलिशवाला. भिंती पोटासाठी रंगवल्या, लाकूड हौसेनं. या काळात माणसं बघितली ती विचारू नका. यवतमाळजवळ लोहाऱ्याला नवा बंगला बांधलेल्या एका साहेबांनी मोबाईलवर मालिकेतल्या घराचा फोटो दाखवला आणि म्हणाले, हाच रंग पाहिजे. मी म्हटलं, "साहेब, फोटोत दिसते तो उजेड आहे. तो डब्यात मिळत नाही." ते चिडले, पण काम मलाच दिलं. दुसरे एकजण अस्सल सागवानाच्या दारांवर सागवानी रंगाचा ऑइल पेंट मारून मागत होते. त्यांना समजावता समजावता दोन दिवस गेले, आणि शेवटी मी तो पेंट मारून दिला. आजही त्या रस्त्यानं गेलो की मान दुसरीकडे वळवतो.

पेंटर ठेवताना लोक भाव विचारतात, हात किती देणार विचारतात. हात म्हणजे थर. दोन हातांचे पैसे घेऊन दीड हात मारणारे आमच्यात आहेत, नाही कशाला म्हणू? पण लाकडाच्या कामात हात मोजून भागत नाही. आधी लाकूड पॉलिश पेपरनं रेषेच्या दिशेनं घासायचं. आडवं घासलं तर ओरखडे पडतात आणि पॉलिश चढलं की ते जास्तच दिसतात. मग बारीक छिद्रं बुजवायची. मग रंगाचा हात. स्पिरिटमध्ये लाल, पिवळी, काळी अशा रंगांच्या पुड्या विरघळवून पाण्यासारखा पातळ रंग करतात, तो लाकडाला पाजायचा. शेवटी स्पिरिटात विरघळवलेली लाख, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्यानं, दहा-पंधरा हात, लाकूड चमकेपर्यंत.

भिंतीवर चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुसरा रंग मारता येतो. लाकडानं रंग पिला की पिला. काढायचा तर लाकूडच खरवडावं लागतं. म्हणून सगळी अक्कल त्या डब्यात असते आणि डबा एकाच माणसाचा असतो. आमच्या जोडीत एक नियम होता, मीच केलेला. डब्याबद्दल काही बोलायचं तर लाकडावर पहिला हात पडायच्या आधी बोलायचं, आणि तेही गिऱ्हाइकाच्या माघारी. गिऱ्हाइकासमोर ब्र काढायचा नाही. दोन कारागिरांचं एकमत नाही असं दिसलं की गिऱ्हाईक तिसऱ्याला बोलावतं.

आमची जोडी म्हणजे मी आणि नामदेव. तो बोरी अरबचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. बावीस वर्षं तो पहिल्या एसटीनं यवतमाळला यायचा आणि जिथं काम असेल तिथं माझ्याबरोबर जायचा. डबा माझा, बोळा त्याचा. त्याच्या हाताला अशी चाल होती की एक हात कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला, हे मलाही सापडायचं नाही. बोलायचा मात्र मोजकं. त्याच्या घरी कोण आजारी आहे हे मला बरेचदा तो माणूस बरा झाल्यावर कळायचं.

तीन वर्षांपूर्वी दिग्रसच्या पाठक वकिलांकडे काम निघालं. घरी मुलीचा साखरपुडा, चार दिवसांवर. आठ नवी सागवानी दारं, आणि पाठक मॅडमचं एकच म्हणणं होतं की देवघराच्या जुन्या दाराचा जो रंग आहे, तोच सगळीकडे दिसला पाहिजे. जुन्या सागवानाचा रंग नव्या लाकडावर उतरवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम, आणि त्यासाठीच मला यवतमाळहून बोलावलं होतं. मी खूश होतो.

मॅडम निवृत्त शिक्षिका. त्यांना रंग कसा करतात ते बघायचं होतं. खुर्ची टाकून त्या ओसरीत डब्यापाशी बसल्या आणि एकेक प्रश्न विचारू लागल्या. मलाही सांगायला आवडतं. लाल टाकला, थोडा काळा टाकला, काठीनं ढवळत राहिलो, मधूनमधून देवघराच्या दाराकडे पाहत राहिलो. तिथून काही हाललो नाही. मग एका दाराच्या मागच्या बाजूला, खाली, नमुना लावून दाखवला. ओसरीत उजेड कमीच होता. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं."

नामदेव दोनदा डब्याजवळ येऊन गेला. तिसऱ्यांदा आला आणि मॅडमसमोरच म्हणाला, "भाऊ, जांभळं मारून राह्यलं. थोडा पिवळा टाका लागन."

बावीस वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं. मी तापलो. "तुह्या डोळ्यात जांभूळ पिकलं काय रे? बोळा सांभाळ आपला." मॅडम हसल्या, मीही हसलो. नामदेव गेला आणि फडकं घेऊन कामाला लागला. दिवस मावळायच्या आत आठही दारांना रंगाचा हात पडला.

सकाळी उन्हाची तिरीप समोरच्या दारावर आली आणि मॅडम बाहेर आल्या त्या तिथंच थांबल्या. "गजाननराव, ही दारं वांग्याच्या रंगाची झाली हो." वकीलसाहेब आले, चष्मा वर करून बघितलं आणि काही बोलले नाहीत. वकील बोलत नाही तेव्हा जास्त भीती वाटते. मी दाराकडे बघितलं, देवघराकडे बघितलं, परत दाराकडे बघितलं. माझ्या डोळ्यांना दोन्हीत काही फरक नव्हता. मला वाटलं, काल नामदेवनं जांभळं जांभळं म्हणून यांच्या डोक्यात भरवलं, आता यांना तेच दिसतंय. आणि समोर तीन दिवसांवर साखरपुडा, घरात पाहुण्यांची यादी, माझं इतक्या वर्षांचं नाव. मी नामदेवकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "माझ्या पाठीमागं यानं डब्यात हात घातला. काळी पुडी यानंच जास्त टाकली."

मला तशी खात्री होती का? नव्हती. कोणावर तरी ढकलायचं होतं आणि तो समोर उभा होता.

नामदेवचा चेहरा एकदम उतरला. तो माझ्याकडे बघत राहिला, मग खाली बघू लागला. एक शब्द बोलला नाही. ते गप्प राहणं बघून मात्र मला खरंच वाटलं की चोर सापडला. त्यानं फडक्यांची घडी केली, पिशवी उचलली आणि स्टँडकडे चालू लागला. मी त्या दारांवर दाट कॉफी रंग चढवून जांभळं दाबलं, साखरपुडा पार पडला, आणि देवघराचं दार एकटंच वेगळं राहिलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. यवतमाळच्या ज्या दुकानातून आम्ही सगळे पॉलिशवाले माल घेतो, तिथंही मी चहा पिता पिता सांगितलं की नामदेवला डब्याला हात लावू देऊ नका. 'बूंद से गई वो हौद से नहीं आती' म्हणतात. त्याची अब्रू तर मी चहाच्या कपात घालवली. महिन्या-दोन महिन्यांत त्याला लाकडाचं काम मिळेनासं झालं. मला ते कळत होतं आणि वाईटही वाटत होतं. पण वाईट वाटलं की मी स्वतःला सांगायचो, चूक त्याची होती.

मग हे ऑपरेशन. पट्टी निघाली त्या दिवशी मला पहिल्यांदा डॉक्टरांच्या खोलीतला पडदा दिसला. तो निळा होता. मी तीनदा तिथं जाऊन आलो होतो आणि पडदा राखी आहे असं समजत होतो. घरी आलो तर माझ्याच बैठकीची भिंत पिवळसर. मी दोन वर्षांपूर्वी पांढरी म्हणून रंगवली होती. सुमनला विचारलं, हे तू सांगितलं का नाही? ती म्हणाली, "म्या सांगतलं होतं. तुमी म्हणलं, तुले काय कळते?"

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी समजावलं की मोतीबिंदू पिकत जातो तसा डोळ्यापुढं पिवळा पडदा येतो. निळा आणि जांभळा सगळ्यात आधी दिसेनासे होतात आणि माणसाला पत्ता लागत नाही. तुमचा मोतीबिंदू पाहता हे पाच वर्षं तरी चालू असणार, असं म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून माझी पायपीट सुरू झाली. ज्या ज्या घरी मी लाकूड रंगवलं होतं तिथं जायचं, सहज आलो म्हणायचं, चहा घ्यायचा आणि दारं बघायची. सुमनला वाटलं म्हातारपणाचं वेड लागलं. नामदेव गेल्यानंतर मी एकट्यानं केलेली चार कामं बघितली. चारही ठिकाणी जांभळी झाक. एका घरी तर टीव्हीचं कपाट जांभळासारखंच दिसत होतं आणि घरचे आजोबा मला म्हणाले, "हा तुमचा खास रंग दिसते." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग त्याच्या आधीची कामं. पाच वर्षं डोळे बिघडलेले, म्हणजे दिग्रसच्या आधीच्या दोन वर्षांतलीही कामं बिघडायला हवी होती. लोहाऱ्याला गेलो, दारव्हा रोडला गेलो. सगळी दारं बरोबर. पिकल्या सागवानाचा गरम, पिवळसर तपकिरी रंग, कुठं बोट ठेवायला जागा नाही. क्षणभर आनंद झाला. मग दारव्हा रोडच्या त्या घराच्या पायरीवरच मला प्रश्न पडला, मला रंग दिसत नव्हता, तर हा रंग केला कोणी?

तिथूनच बोरी अरबची एसटी पकडली.

नामदेव बाजाराजवळच्या एका गोदामाचं लोखंडी फाटक रंगवत होता. ज्या हातात मलमलीचा बोळा असायचा, त्या हातात चार इंची झिजका ब्रश होता. मला बघून तो थांबला नाही.

"डोळ्याचं झालं म्हणते," तो म्हणाला.

"झालं."

"दिसते काय आता?"

"दिसते. नामदेव, दिग्रसची दारं जांभळीच होती."

"हो," तो म्हणाला आणि ब्रश डब्यात बुडवला.

"आन त्याच्या आधीची? लोहाऱ्याची, दारव्हा रोडची? ती कशी काय बरोबर आहेत?"

मग त्यानं ब्रश खाली ठेवला. हात पुसले. "दोन वर्षं म्या पिवळी पुडी खिशात ठेवली, भाऊ. तुमी चहाले गेले, नाहीतर कोणाशी बोलत उभे राह्यले, का मी डब्यात टाकत होतो. तुमाले समजत नव्हतं."

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी मानलं असतं काय? वहिनीचंबी मानत नाही तुमी. आन तुमचं काम गेलं असतं तं माहंबी गेलं असतं. पुण्य म्हणून नाही केलं म्या ते." मग तो म्हणाला, "दिग्रसले मॅडम डब्यापाशी खुर्ची टाकून बसल्या. तुमी बी हालले नाही. डब्यात हात घालाले जागाच नव्हती. म्हणून तोंडानं बोलावं लागलं."

"मंग सकाळी गप कायले राह्यला? मी एवढा खोटा आळ घेतला तुह्यावर."

तो माझ्याकडे बघायला लागला. दिग्रसला बघत होता तसाच. "तुमी म्हणलं, माह्या पाठीमागं डब्यात हात घातला. मले वाटलं तुमाले मालूम पडलं, दोन वर्षांचं सगळं. हात तं घातलाच होता ना म्या. मंग नाही कसं म्हणू?"

तिथं तुरीच्या रिकाम्या पोत्यांची थप्पी होती, तिच्यावर मी बसलो. आधी मला त्याचा राग आला, अगदी खरं सांगतो. शेवटच्या दोन वर्षांत जी वाहवा घेतली ती माझी नव्हती, आणि हे सांगणारा समोर उभा होता. मग लाज वाटली. मी त्याच्यासमोर हात जोडले आणि चुकलो म्हणालो.

"मले कायले सांगता?" तो म्हणाला. "मले तं माहीतच होतं. ज्याईच्यासमोर बोलले, त्याईच्यासमोर बोला." आणि त्यानं ब्रश उचलला.

मी लगेच दिग्रसला गेलो असं लिहायला बरं वाटलं असतं. आठ दिवस गेलो नाही. रोज सकाळी पिशवी घ्यायचो, स्टँडवर जायचो, गाडी लागायची आणि मी बाकावर बसून राहायचो. दिग्रसला पाठक वकील म्हणजे अर्धं गाव. त्यांना सांगायचं म्हणजे गावाला सांगायचं की गजानन पेंटरला पाच वर्षं रंगच दिसत नव्हता. उरलंसुरलं काम संपलंच. नवव्या दिवशी सुमनच माझ्याबरोबर आली आणि गाडीत मला खिडकीकडे बसवून स्वतः बाहेरच्या बाजूला बसली, म्हणजे मला उतरता येऊ नये.

पाठकांच्या घरी दोघंही होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. डोळ्याचं, पिवळ्या पुडीचं, आणि नामदेवनं काळी पुडी टाकलीच नव्हती, ती मीच टाकली होती, हे. वकीलसाहेब ऐकून म्हणाले, "साक्ष तीन वर्षं उशिरा आली, गजाननराव." मी मान हलवली.

मॅडमनी आधी मला बसायला सांगितलं. मग म्हणाल्या, "तो बोलला ते मी ऐकलं होतं. मलाही नमुना थोडा जांभळट वाटला होता. पण तुम्ही इतक्या जोरात बोललात, आणि मी हसले." त्या उठून एका दाराजवळ गेल्या, त्यावरून हात फिरवला. "ही कॉफीची दारं मला कधीच आवडली नाहीत. खरवडून परत करता येतील का? त्यालाच बोलवा. येईल का तो?"

परत येताना यवतमाळच्या त्या दुकानातही गेलो. चहा मागवला आणि पहिल्यापासून सांगितलं. मालक ऐकत होते, नोकर ऐकत होते, दोन पॉलिशवाले माल घ्यायला आले होते, तेही ऐकत होते. त्यातला एक हसला. हसू दिलं.

नामदेव आला. एकच अट घातली, "डबा माहा." मी हो म्हटलं. सतरा दिवस मी दारं खरवडली, घासली, खाली पिवळं कोरं सागवान निघेपर्यंत. खांदे भरून यायचे, पण दिवसभर एका जागी उभं राहता येतं हे इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच जाणवलं. नामदेव आपलं काम करायचा, मी माझं. जुन्या गोष्टी त्यानं काढल्या नाहीत, मीही काढल्या नाहीत.

अठराव्या दिवशी त्यानं डबा केला. मॅडमनी परत खुर्ची टाकली होती. लाल, काळा, मग पिवळा, चिमटीनं, हळूहळू. पहिल्या दाराच्या मागच्या बाजूला त्यानं नमुना लावला. मग दोघांनी मिळून ते दार उचलून अंगणात उन्हात नेलं आणि भिंतीला टेकवलं. शेजारी देवघराचं जुनं दार काढून आणून ठेवलं. मी हात झाडत बाजूला झालो.

नामदेव दोन्ही दारांकडे बघत राहिला. मग मॅडमसमोरच माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "भाऊ, पाहा बरं. बरोबर आहे काय?"

रंग बरोबर होता. तसं मी मॅडमसमोरच सांगितलं. बावीस वर्षांत 'बरोबर आहे काय' असं मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.